तुम्ही विचारलंत म्हणून: नुसतं चालून भागेल का?

“शुगर बॉर्डरलाइनवर आलीय, डॉक्टर म्हणाले व्यायाम करा. रोज पाऊण तास चालतो. एवढं पुरे, की घाम निघेल असं काही करायला हवं?” मी फिजिओथेरपिस्ट आहे, त्यामुळे नाशिकमध्ये गोल्फ क्लब मैदानावर, कृषीनगरच्या जॉगिंग ट्रॅकवर, अगदी लग्नाच्या पंगतीतही कुणी ना कुणी हे विचारतंच. माझं उत्तर असं: चालणं सोडू नका, पण त्यातली काही मिनिटं दम लागेल अशी असू द्या. शुगर हे त्याचं एक कारण झालं. मला जास्त काळजी असते ती रक्तवाहिन्यांची.

बॉर्डरलाइन म्हणजे उपाशीपोटी शुगर १०० ते १२५, किंवा एचबीए१सी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांतल्या सरासरी शुगरचा अंदाज देणारी रक्ततपासणी, ५.७ ते ६.४ टक्के. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात असे सुमारे १३.६ कोटी लोक आहेत. रिपोर्ट हातात आला की पुष्कळांना हायसं वाटतं, ‘अजून डायबिटिस नाही ना!’ पण रक्तवाहिन्या डायबिटिसचा शिक्का बसायची वाट बघत नाहीत. त्यांचं बिघडणं याच टप्प्यावर सुरू झालेलं असू शकतं, आणि रक्ताच्या नेहमीच्या तपासणीत ते दिसत नाही.

नस म्हणजे नळाचा पाइप नव्हे. तिच्या आतल्या बाजूला पेशींचा एकेरी थर असतो, एन्डोथेलियम. रक्त वेगाने घासून जाऊ लागलं की या पेशींना ते कळतं आणि त्या नायट्रिक ऑक्साइड सोडतात. मग भिंतीतला स्नायू सैलावतो, नस रुंदावते. नायट्रिक ऑक्साइडच्या या कामगिरीच्या शोधाला १९९८ चं नोबेल मिळालं. निरोगी शरीरात इन्शुलिनही याच पेशींना तसा इशारा देतं. शरीर इन्शुलिनला दाद देईनासं झालं की तो इशारा क्षीण होतो, आणि साखर जिथे जिरायची त्या स्नायूंकडे रक्त कमी पोचतं. नस किती रुंदावते हे संशोधक मोजतात तेव्हा हाताला पट्टा पाच मिनिटं आवळून सोडतात आणि दंडातल्या धमनीत होणारा फरक सोनोग्राफीवर पाहतात.

आता जोराचा मुद्दा. गप्पा मारत रमतगमत चालताना रक्ताचा प्रवाह थोडाच वाढतो. पावलं झपझप पडू लागली की हृदय जास्त रक्त ढकलतं, नसेच्या भिंतीवरचं घर्षण वाढतं, आणि नसेचा खरा व्यायाम तोच. म्हणून वेग हवा. पण झेपत नसताना जीव तोडून धावण्यात अर्थ नाही. फार जोराच्या व्यायामानंतर लगेच मोजलं तर धमनी काही वेळ उलट कमी रुंदावते, मग सावरते. नियमित मध्यम व्यायामानेही नसा सुधारतात, हे मी मुद्दाम सांगते, कारण ‘जोराचं जमणार नाही’ म्हणून सगळंच सोडून देणारे मी पाहिलेत.

मला स्वतःला सगळ्यात पटलेली रीत जपानच्या शिन्शू विद्यापीठातल्या हिरोशी नोसे यांच्या गटाची आहे: तीन मिनिटं झपाट्याने, तीन मिनिटं सावकाश, असं पाच वेळा, आठवड्यातून निदान चार दिवस. मध्यमवयीन आणि वयस्क लोकांवर त्यांनी ती वापरली. नुसतं एका संथ लयीत चालणाऱ्यांपेक्षा या लोकांच्या पायांची ताकद आणि दमसास जास्त वाढला, रक्तदाबही जास्त उतरला. घड्याळावर हृदयाचे ठोके बघत बसू नका. झपाट्याच्या तीन मिनिटांत दोन-चार शब्दांनंतर श्वास घ्यावा लागला पाहिजे. भजन म्हणता येत असेल तर वेग वाढवा.

रविवारी पांडवलेणीचा डोंगर चढून आलो की आठवड्याचा हिशेब मिटला, असं मानणारेही पुष्कळ. चढणं उत्तमच, पण एका व्यायामाने इन्शुलिनला मिळालेली मदत एक ते तीन दिवसांत ओसरते. सलग दोन दिवसांपेक्षा जास्त खाडा नको.

गुडघे कुरकुरत असतील तर पायऱ्या उतरताना त्यांच्यावर भार जास्त येतो, त्यापेक्षा सायकल बरी. नाशकात सायकलवाल्यांची सोबत सहज मिळते, आणि गंगापूर धरणाकडच्या रस्त्यावर तीन मिनिटं जोरात, तीन मिनिटं हलके पाय हे नीट जमतं. मात्र चालताना छातीत दडपण येत असेल, चक्कर येत असेल किंवा बीपी आटोक्यात नसेल, तर वेग वाढवण्याआधी डॉक्टरांना दाखवा. ते म्हणतील तर ईसीजी, स्ट्रेस टेस्ट करून घ्या.