मृगाचा पाऊस आणि केबलचे उघडे टोक

आमच्या जिनिंगमध्ये आगीच्या पंपाला तांब्याच्या कवचाची, खनिज-रोधक केबल टाकलेली आहे. रुईच्या गंजीला आग लागली तर साधी पीव्हीसी केबल पंपाआधीच जळून जाईल. या केबलमध्ये मात्र तारांभोवती मॅग्नेशियम ऑक्साइडची पांढरी भुकटी ठासून भरलेली असते आणि ती २८०० अंशांपर्यंत वितळत नाही. तिचा दोष एकच, ती हवेतला ओलावा ओढून घेते.

यंदा पॅनेल हलवताना ठेकेदाराच्या माणसांनी केबलचे एक टोक तसेच उघडे सोडले आणि वर मृगाचा पाऊस झाला. दोन्हीकडची जोडणी सोडवून ५०० व्होल्टचा मेगर, म्हणजे तारांभोवतीच्या आवरणाचा रोध मोजायचे यंत्र, लावला, तेव्हा काटा अर्ध्या मेगोहमवरही जाईना, म्हणजे रोध फारच उतरलेला. "भाऊ, केबल गेली वाटते," असे मदतीचा पोरगा म्हणाला, आणि मालकांनी तर नव्या केबलचा भावही विचारून ठेवला होता.

केबल गेलेली नव्हती. ओलाव्याने भुकटीचे हायड्रॉक्साइड होते, ते फुगते आणि पुढची वाट बरीचशी बुजवते, म्हणून ओल सहसा टोकापासून वीतभर, फार तर हातभरच शिरते. मी चार इंच तुकडा कापून टाकला आणि उरलेल्या टोकाला ब्लो लॅम्प दाखवला. ज्योत आतून, साधारण दोन फुटांवरून सुरू करून सावकाश टोकाकडे आणायची असते. पोरगा टोकापासून आत नेऊ लागला, तेव्हा त्याचा हात धरावा लागला, कारण तशाने वाफ बाहेर पडण्याऐवजी आणखी खोल ढकलली जाते. (हंगाम संपून खोली झाडलेली होती, उडत्या रुईत मी ज्योत पेटवली नसती.)

तापलेल्या केबलचे माप घेऊन उपयोग नसतो, कारण उष्णतेने भुकटीचा रोध तात्पुरता उतरतो. हात लावता येईल इतकी निवल्यावर मेगर १०० मेगोहमच्या पुढे गेला. मग मात्र चहालाही न थांबता टोक बंद करणारा पितळी पॉट चढवला, त्यात एकाच बाजूने ओल अडवणारे कंपाऊंड दाबत भरले, म्हणजे हवा कोंडत नाही, आणि झाकण बसवले. दुसऱ्या दिवशी, रात्रभर पाऊस कोसळूनही, माप तेवढेच होते. तेव्हाच पंपाची जोडणी केली.