शाळेला हवे ते सरळ का देत नाही?

महाविद्यालयातील मुलांना घेऊन तुम्ही गोव्यातल्या सत्तरी, सांगे, धारबांदोडा, काणकोण या तालुक्यांतल्या माध्यमिक शाळांत जाता, ती मुले दिवसभर प्रश्न विचारतात, वह्या भरतात आणि परत येतात. त्यापेक्षा त्या शाळांना लागणाऱ्या वस्तू सरळ देऊन का टाकत नाही, असा प्रश्न मला माजी विद्यार्थी, नातेवाईक आणि देणगी देऊ इच्छिणारी मंडळी वारंवार विचारतात. प्रश्न आपुलकीने विचारलेला असतो, म्हणून त्याचे उत्तर थोडे सविस्तर देते.

आमची मुले राष्ट्रीय सेवा योजनेचे स्वयंसेवक म्हणून जातात. ही योजना १९६९ साली, महात्मा गांधींच्या जन्मशताब्दीच्या वर्षात सुरू झाली. स्वयंसेवकाने दोन वर्षांत २४० तास सेवेला द्यावेत, अशी तिची अपेक्षा आहे. झाडे लावण्यात आणि परिसर झाडण्यात हे तास सहज भरतात, आणि ती कामेही चांगलीच आहेत. परंतु त्यांतले काही तास दुसऱ्याचे म्हणणे नीट ऐकून घेण्यात जावेत, असा माझा आग्रह असतो, कारण शाळेची गरज काय आहे हे आपल्याला ठाऊकच आहे असे समजून आपण निघतो आणि तिथे पोहोचल्यावर गरज निराळीच निघते.

माध्यान्ह आहाराचेच पाहा. ही योजना आठवीपर्यंतच्या मुलांसाठी आहे. गोव्यात बहुतेक ठिकाणी महिलांचे स्वयंसाहाय्य गट हा आहार तयार करून शाळेत पोहोचवतात. माध्यमिक शाळेत पाचवीपासून दहावीपर्यंतची मुले एकाच इमारतीत असतात, मधल्या सुट्टीची घंटा सर्वांना एकच होते, आणि आठवीचा मुलगा पाव-भाजी खायला बसतो तेव्हा नववीतली त्याची बहीण डबा आणला असेल तर डबा खाते, नसेल तर मैत्रिणींबरोबर नुसतीच बसते. पहाटे वाड्यावरून चालत निघालेल्या मुलीला दुपारपर्यंत पोटात काही नसणे ही साधी गोष्ट नव्हे. ही गरज कोणत्याही छापील तक्त्यात येत नाही, कारण नियमाप्रमाणे तिथे काहीही चुकलेले नसते. ती कळते केवळ त्या मुलीशी बोलल्यावर, आणि तेही तिने मनातले सांगितले तरच.

म्हणूनच आमच्या मुलांना एक गोष्ट आधी सांगितलेली असते की ‘तुम्हाला काय हवे?’ असे कोणालाही विचारायचे नाही. पाहुणा असे विचारतो तेव्हा तो काय देऊ शकेल याचा अंदाज घेऊन माणसे उत्तर देतात, आणि मग प्रत्येक शाळेतून संगणक, चेंडू आणि गणवेश यांचीच यादी येते. त्याऐवजी काल सकाळी उठल्यापासून रात्री झोपेपर्यंत काय काय केलेस, असे विचारावे. त्या एका दिवसाच्या हकिगतीत पाणी भरणे येते, धाकट्या भावंडाला सांभाळणे येते, काजूच्या हंगामात आईवडिलांबरोबर बागेत जाणे येते आणि अभ्यासाला खरोखर किती वेळ उरतो तेही येते. हे ऐकायला अधिकाऱ्यापेक्षा एकोणीस-वीस वर्षांची मुले अधिक योग्य, असे माझे स्पष्ट मत आहे. आमच्या मुलांपैकी कितीतरी जण पेडणे, डिचोली, सत्तरीतल्या सरकारी मराठी प्राथमिक शाळांत शिकलेले असतात. चौथीपर्यंत सारे मराठीतून आणि पाचवीत गेल्यावर विज्ञान, गणित एकदम इंग्रजीतून, हा प्रवास त्यांनी स्वतः केलेला असतो. नववीतला मुलगा वर्गात हात का वर करत नाही, याचे कारण त्यांना समजावून सांगावे लागत नाही. उत्तर ठाऊक असते पण वाक्य जुळत नाही, हे तो मुलगा ताई-दादांकडे कबूल करतो. शिक्षकांकडे करेलच असे नाही.

मुलींच्या स्वच्छतागृहाची बाबही अशीच आहे. स्वच्छतागृह आहे का, या प्रश्नाला बहुतेक शाळा खरेपणाने ‘आहे’ असे उत्तर देतात. दाराची कडी आतून लागते का, एप्रिलमध्ये तिथे पाणी येते का, पाळीच्या दिवसांत वापरलेले पॅड टाकायला झाकणाची बादली आहे का, हे आमच्या मुली तिथल्या मुलींना वेगळे बसवून विचारतात. त्या वेळी कोणी पुरुष जवळ नसतो आणि कोणाचेही नाव वहीत लिहिले जात नाही. एका कडीपायी मुली महिन्यातले काही दिवस घरी राहत असतील, तर त्या शाळेची पहिली गरज ती कडी आहे, आणि ती बसवायला देणगीदाराची वाट पाहावी लागत नाही.

बसचा प्रश्न मात्र इतका सोपा नाही. अनुदानित शाळांना सरकारकडून मिळालेल्या बालरथ नावाच्या शालेय बसगाड्यांमुळे पुष्कळ सोय झाली आहे, पण दहावीचे जादा वर्ग सुटल्यावर घरी जाण्यासाठी कदंब या सरकारी परिवहन महामंडळाच्या शेवटच्या बसवर अवलंबून राहावे लागते, आणि ती लवकर सुटत असेल तर जादा वर्ग कागदावरच राहतात. म्हणून आमची मुले चालकाशी बोलतात, शाळेच्या शिपायाशी बोलतात, आहार घेऊन येणाऱ्या बायकांशीही बोलतात. शाळेचा दिवस त्यांनी जितका पाहिलेला असतो तितका इतर कोणी पाहिलेला नसतो. खाणपट्ट्यातल्या गावांत पालकांशीही बोलावेच लागते. २०१२ साली आणि पुन्हा २०१८ साली खाणी थांबल्या तेव्हा ज्या घरांचे ट्रक उभे राहिले, त्या घरांतल्या मुलांचे शिक्षण शाळेच्या भिंतींपुरते पाहून समजत नाही.

काही पथ्ये आम्ही कसोशीने पाळतो. मुख्याध्यापकांची आगाऊ परवानगी घेतल्याशिवाय जायचे नाही, चालू तास मोडायचा नाही, परीक्षेच्या आणि चवथीच्या, म्हणजे गणेशचतुर्थीच्या, दिवसांत जायचे नाही, मुलांचे फोटो काढायचे नाहीत. फलक धरून शाळेपुढे उभे राहण्याची प्रथा मला मनापासून नापसंत आहे. ज्यांच्या अडचणी ऐकायला आपण गेलो, त्यांना आपल्या कार्यक्रमाची पार्श्वभूमी करणे योग्य नव्हे.

आणि ऐकलेले परत नेऊन सांगितल्याशिवाय पाहणी पूर्ण झाली असे आम्ही मानत नाही. पालक-शिक्षक संघाच्या सभेत आमची मुले आपला अहवाल मराठीत वाचून दाखवतात, त्यात कोणाचे नाव येत नाही, आणि चुकले असेल तिथे पालक दुरुस्ती करतात. मग कोणती गोष्ट पंचायतीकडे न्यायची, कोणती शिक्षण खात्याकडे, कोणती कदंब महामंडळाकडे आणि कोणती शाळेच्या व्यवस्थापनाने स्वतःच करायची, हे सभेतच ठरते आणि अर्ज लिहायला आमची मुले मदत करतात. अर्जाला उत्तर येतेच असे नाही. तरीही पुढच्या वर्षीची तुकडी जाण्याआधी मागच्या तुकडीचा अहवाल वाचते, म्हणजे तेच प्रश्न नव्याने विचारून शाळेला शिणवले जात नाही आणि अडकलेल्या अर्जाचा पाठपुरावाही होतो.

तेव्हा तुम्हाला काही द्यायचेच असेल तर अवश्य द्या, पण त्या सभेला या, अहवाल ऐका आणि मगच मुख्याध्यापकांशी बोला. माझ्यापुरते विचाराल तर नववी-दहावीच्या मुलांच्या दुपारच्या खाण्यापासून सुरुवात करावी असे मी सांगेन. त्याला एकदाच दिलेली रक्कम पुरत नाही, दर महिन्याला पैसे लागतात, म्हणून चार-पाच जणांनी मिळून वर्षभराची जबाबदारी घ्यावी आणि आठवीपर्यंतचा आहार ज्या गटाच्या बायका करतात त्यांनाच हे कामही द्यावे.