आधी सांगा, फिल्म आहे की टेप?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. जुन्या कॅसेटींवरचं चित्रण संगणकात उतरवून देण्याचं काम मी करतो, त्यामुळे लग्नाच्या पंगतीत, नाटकाच्या मध्यंतरात, कुठेही गाठून लोक हाच प्रश्न विचारतात: टीव्हीवरच्या जुन्या मालिका एचडीत काढण्यात काही अर्थ आहे का? विचारणाऱ्याच्या मनात कधी दिलीप प्रभावळकर आणि बाळ कर्वे यांचे चिमणराव-गुंड्याभाऊ असतात, कधी ‘तमस’, तर परदेशात राहून आलेल्या भाच्याच्या मनात ‘स्टार ट्रेक’. मी आधी उलट विचारतो: मालिका चित्रित कशावर झाली होती, फिल्मवर की टेपवर?

फिल्मवर झाली असेल आणि निगेटिव्ह शाबूत असेल, तर अर्थ आहेच. वेळ न दवडता काढावी. टेपवर झाली असेल तर एचडीचा नाद सोडावा, कारण तिच्यासाठी करण्यासारखं दुसरं काम जास्त निकडीचं आहे.

कारण साधं आहे. आपल्याकडच्या जुन्या दूरदर्शन संचावर चित्र दिसायचं ते ६२५ ओळींत, आणि त्यातल्या प्रत्यक्ष चित्राच्या ओळी ५७६. डिजिटल हिशेबात ते साधारण ४ लाख १५ हजार पिक्सेल होतात. पूर्ण एचडीत ते २० लाख ७३ हजार असतात, म्हणजे पाचपट. फिल्मच्या निगेटिव्हमध्ये हा तपशील पहिल्या दिवसापासून असतो. ३५ मिलिमीटरच्या फिल्ममध्ये तर एचडीला पुरून उरेल इतका. त्या काळच्या टीव्हीला तो दाखवता येत नव्हता, एवढंच.

‘स्टार ट्रेक: द नेक्स्ट जनरेशन’चं उदाहरण मी नेहमी देतो, कारण त्यात सगळी गुंतागुंत एकाच ठिकाणी आहे. १९८७ ते १९९४ अशी सात पर्वं चाललेली ही अमेरिकन मालिका. कॅमेऱ्यात ३५ मिलिमीटरची फिल्म होती, पण संकलन आणि स्पेशल इफेक्ट्सची जुळणी मात्र व्हिडिओ टेपवर झाली. तेव्हा ते स्वस्त पडायचं आणि दर आठवड्याचा भाग वेळेत निघायचा. परिणाम असा की तयार झालेला प्रत्येक भाग फक्त टेपवर अस्तित्वात होता. फिल्मवर जोडलेला पूर्ण भाग कुठेच नव्हता.

म्हणून एचडीसाठी अख्खी मालिका नव्याने जोडावी लागली. कोठारातून निगेटिव्हचे हजारो डबे बाहेर काढले, स्कॅन केले, जुना टेपवरचा भाग समोर ठेवून प्रत्येक कट त्याच जागी पुन्हा लावला. मालिकेतल्या अंतराळयानाचं मॉडेल मुळात अनेक वेळा वेगवेगळं चित्रित केलं होतं: एकदा यानाचा देह, एकदा खिडक्यांचे दिवे, एकदा इंजिनाचा उजेड. हे सगळे थर फिल्मवरून घेऊन पुन्हा एकावर एक बसवले. २०१२ ते २०१४ या काळात ही पर्वं ब्लू-रेवर, म्हणजे एचडी चित्राच्या डिस्कवर, आली. काही सेकंदांची निगेटिव्ह सापडलीच नाही. तिथे टेपवरचं चित्र मोठं करून लावलंय, आणि तो तुकडा आला की न सांगता कळतं. मला विचाराल तर त्या काही सेकंदांत तुमच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर आहे. तोच नट, तोच सेट, पण डोळ्यांतली ओल गेलेली.

याच घराण्यातली पुढची मालिका, ‘डीप स्पेस नाईन’, तशीच फिल्मवर चित्रित झाली आणि तशीच टेपवर जोडली गेली. तिची पूर्ण एचडी आवृत्ती मात्र आली नाही. आधीच्या ब्लू-रेची विक्री अपेक्षेइतकी झाली नव्हती आणि खर्च अवाढव्य होता. मला हे मनापासून खटकतं. विक्रीवर ठरवायचं म्हटलं तर निम्म्या ग्रंथालयांना कुलूप लागेल.

आपल्याकडे ‘तमस’ बघा. गोविंद निहलानींनी ती फिल्मवर केली आणि १९८८ साली ती दूरदर्शनवर लागली. छायाचित्रणात निहलानींबरोबर व्ही. के. मूर्ती होते, दादासाहेब फाळके पुरस्कार मिळवणारे पहिले छायालेखक. सुरुवातीलाच ओम पुरींचा नत्थू अंधाऱ्या खोपटात डुकराच्या मागे धावून घामाघूम होतो. कॉपीवरून कॉपी होत आलेल्या चित्रात तो अंधार म्हणजे नुसता काळा डाग. चांगल्या प्रतीत त्याच अंधारात भिंत दिसते, घाम दिसतो, आणि दिवा कुठे ठेवलाय त्यावरून छायालेखकाच्या मनात काय होतं तेही दिसतं. ही प्रकाशयोजना लोकांपर्यंत पोचलीच पाहिजे.

आता टेप. स्टुडिओत तीन-चार कॅमेरे लावून थेट टेपवर घेतलेल्या मालिकेत ५७६ ओळींपलीकडे काही नोंदवलेलंच नसतं. आमटीत पाणी घालून ती दहाजणांना पुरवता येते, चव वाढत नाही. ‘डॉक्टर हू’ या ब्रिटिश मालिकेत हे स्पष्ट दिसतं. १९६९ साली बीबीसीच्या स्टुडिओत संप झाला म्हणून तिची ‘स्पिअरहेड फ्रॉम स्पेस’ ही कथा नाइलाजाने सगळी बाहेर, १६ मिलिमीटर फिल्मवर चित्रित झाली. त्या संपामुळेच ती २०१३ मध्ये खऱ्या एचडीत निघू शकली. तिच्या पुढच्यामागच्या स्टुडिओतल्या कथांना ते नशीब नाही.

हल्ली लोक म्हणतात, एआयने करून टाका. मी करून पाहिलंय, आणि माझा ठाम विरोध आहे. यंत्र तपशील शोधून काढत नाही, अंदाजाने भरतं. चेहऱ्याची कातडी मेणासारखी गुळगुळीत होते, म्हाताऱ्या नटीच्या सुरकुत्या गायब होतात. सगळ्यात वाईट हाल मागच्या पाट्यांचे. दुकानावरच्या देवनागरी पाटीत वेलांटी कुठे, उकार कुठे, रफार कुठे हे यंत्राला धूसर चित्रावरून कळत नाही. ते अक्षरासारखं काहीतरी ठसठशीत रेखाटून देतं, जे कुठल्याच लिपीत नसतं. मूळ टेपवर ती पाटी पुसट होती, पण खरी होती.

दुसरा अत्याचार चौकटीवर होतो. जुनं चित्र चारास तीन या प्रमाणातलं. रुंद पडदा भरावा म्हणून वरून-खालून कापलं की पाव चित्र जातं. ‘साइनफेल्ड’ ही अमेरिकन विनोदी मालिका नेटफ्लिक्सवर आली तेव्हा ‘द पॉटहोल’ नावाच्या भागात रस्त्यातला तो खड्डाच चौकटीबाहेर गेला, ज्याच्यावर भागाचं नाव आहे! दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या राहू द्या. त्यांनी कुणाचं काही बिघडत नाही.

टेपवरच्या चित्रात जपण्यासारखं काय असतं ते मात्र फार कुणी सांगत नाही: तिची हालचाल. स्टुडिओच्या कॅमेऱ्याने सेकंदाला ५० वेळा, एकाआड एक ओळींचं चित्र टिपलेलं असतं. त्यामुळे टेपवरचं नाटक समोर घडल्यासारखं वाटतं. नटाने झटकन मान वळवली तर ती वळताना दिसते. आंतरजालावर चढवताना बहुतेक जण यातली निम्मी चित्रं फेकून देतात, किंवा दोन अर्धी एकत्र चिकटवतात आणि हलत्या हाताच्या कडेला आडव्या रेघा सुटतात. मग प्रेक्षक म्हणतो, जुनं आहे ना, असंच असणार. असं अजिबात नसतं. ती पन्नासही चित्रं नीट उलगडली तर जुनी टेप आजच्या मोठ्या टीव्हीवरही सुरेख दिसते. एचडीचा शिक्का तिला लागत नाही.

आणि तेही आत्ताच करायला हवं, कारण यंत्रं संपत चालली आहेत. सोनीने बेटाकॅमच्या, म्हणजे टीव्ही स्टुडिओत वापरायच्या, टेप विकणं २०१६ मध्ये थांबवलं. त्याच वर्षी फुनाई या जपानी कंपनीने व्हीसीआर, म्हणजे घरगुती कॅसेटयंत्रं, बनवणं बंद केलं. यू-मॅटिक या जुन्या व्यावसायिक कॅसेटीचा चालू प्लेअर आणि त्याचं हेड, म्हणजे टेप वाचणारा भाग, दुरुस्त करणारा माणूस, दोन्ही शोधत फिरावं लागतं. त्यात मुंबई-कोकणची हवा; दोन पावसाळे बंद कपाटात काढलेल्या कॅसेटीवर पांढरी बुरशी धरते. आणि टेप महाग म्हणून तीच पुसून पुन्हा वापरायची रीत तर बीबीसीसारख्या संस्थेतही होती. ‘डॉक्टर हू’चे नव्वदहून अधिक भाग अजून बेपत्ता आहेत ते त्यामुळेच. उरलंय ते तरी ५७६च्या ५७६ ओळींनिशी उतरवून घ्यावं, ही माझी मागणी आहे.

तुमच्या घरी कुणी दूरदर्शनला किंवा नाटकात असेल आणि माळ्यावर कॅसेट सापडली, तर काय आहे ते बघायला म्हणून ती प्लेअरमध्ये घालू नका. बुरशी असेल तर टेपही जाते आणि हेडही. कोरड्या जागी, पुस्तकासारखी उभी ठेवा, स्पीकरपासून लांब. उतरवून घ्याल तेव्हा फोनवर बघायच्या छोट्या फाइलबरोबर मूळ मोठी फाइलही मागून घ्या, आणि ती दोन ठिकाणी ठेवा. कॅसेटीच्या पाठीवरच्या कागदाचा फोटो आधी काढा. पुष्कळ टेपांवर श्रेयनामावली नसते, आणि कोण काम करतंय, कुठल्या तारखेला घेतलं, हे फक्त त्या कागदावर पेनाने लिहिलेलं असतं.