पिवळी रेघ, निळी रेघ

डायपरच्या पुढच्या बाजूला एक बारीक पिवळी रेघ असते. बाळाने शू केली की ती निळी होत जाते. मला ही रेघ भारी आवडायची. मी बँकेत काम करते, त्यामुळे असा उघडा हिशेब दिसला की बरं वाटतं. अर्धीच निळी झालीय? मग अजून तासभर चालेल. एक डायपर दहा-बारा रुपयांना पडतो, दिवसाला सहा-सात लागतात, पुढचं गणित तुम्हीच करा. अर्धा कोरा डायपर फेकताना माझा हात अडखळायचा, हे कबूल करते.

त्या रेघेला शू कळते, शी कळत नाही. हे माझ्या डोक्यात शिरायला गेल्या वर्षीचा अख्खा जुलै गेला.

ओवी तेव्हा साडेआठ महिन्यांची होती. आम्ही चिपळूणला राहतो. जुलैतलं चिपळूण ज्याने पाहिलंय त्याला पावसाचं वर्णन सांगायला नको, आणि पाहिलं नाही त्याला सांगून पटत नाही. घरात मीठ पाणावतं, काडेपेटी पेटत नाही, पडवीतल्या दोरीवरचे लंगोट तिसऱ्या दिवशीही हाताला गार लागतात. म्हणून पावसाळ्यापुरते चोवीस तास डायपर, असं मी जाहीर करून टाकलं होतं. सासूबाईंनी तोंडाने काही म्हटलं नाही, पण लंगोटांची चळत कपाटाच्या वरच्या फळीवर ठेवताना जो आवाज केला तो पुरेसा होता.

त्यातच ओवीचा कान दुखायला लागला. ताप, रडारड, मग पाच दिवसांचं अँटिबायोटिक. तिसऱ्या दिवसापासून पातळ शी सुरू. दिवसातून सहा वेळा, कधी आठ वेळा, आणि प्रत्येक वेळी थोडीशीच. चमचाभर. एवढ्याशासाठी नवा डायपर? आणि रेघ तर पिवळीच. दुपारभर ती पाळणाघरात असायची, तिथल्या मावशींकडे आणखी चार मुलं. मी पिशवीत मोजून तीन डायपर द्यायचे. मावशींनी तीनात भागवलं. त्यांना काय बोल लावू? मोजून मीच दिले होते.

पहिल्या दिवशी नुसती लाली होती. मी पावडर मारली. दुसऱ्या दिवशी ढुंगणाचा फुगीर भाग लालबुंद, कातडीला चकाकी आलेली. ओल्या वाइपने पुसलं तर तिने असा टाहो फोडला की शेजारच्या काकू दारात आल्या. येताना ट्यूब घेऊनच आल्या. "आमच्या नातवाला हीच लावतो, एका रात्रीत उतरतं." मी ट्यूबचा फोटो काढला, नवऱ्याने कोपऱ्यावरच्या मेडिकलमधून तीच आणली. चिठ्ठी कोणी मागितली नाही.

आणि खरंच, एका रात्रीत उतरलं! सकाळी कातडी जवळजवळ गोरी. मी काकूंना फोन करून आभार मानले. तीन दिवस लावली, मग थांबवली. थांबवल्याच्या दुसऱ्या रात्री दोन वाजता मोबाइलच्या उजेडात जे दिसलं ते आधीपेक्षा वाईट होतं. लाली आता जांघेच्या घड्यांत उतरली होती आणि तिच्या कडेबाहेर सुटे सुटे लाल ठिपके, कुणी कुंकवाचं बोट झटकावं तसे.

आमच्या मुलांच्या डॉक्टर पन्नाशीच्या पुढच्या आहेत. मला अगं-तूगं करतात, रागावतातही. त्यांनी ओवीला टेबलावर आडवं घेतलं, पण लगेच औषधाचं नाव काढलं नाही. आधी दोन बोटांनी जांघेची घडी हलकेच उघडली. आत बघितलं. मग दुसरी. मग दंडाच्या वळ्या, मानेच्या वळ्या. मग तोंड उघडायला लावून जीभ आणि गाल आतून बघितले, पांढरे डाग आहेत का म्हणून. मला जवळ बोलावलं.

"साधं पुरळ असतं ना, ते फुगीर भागावर येतं, जिथे डायपर घासतो. घडीच्या आत पोचत नाही. हे बघ, हिचं घडीत जास्त आहे. आणि हे बाहेरचे ठिपके. ही बुरशी आहे, कॅन्डिडा. अँटिबायोटिक झालं, पातळ शी झाली, वर हा पाऊस, तिला आणखी काय हवं?"

मग त्यांनी विचारलं, काय काय लावलंस. मी ट्यूब पुढे केली. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि ट्यूबवरची ती मुंगीएवढी अक्षरं मोठ्याने वाचली. एक बुरशीचं औषध, एक अँटिबायोटिक, आणि क्लोबेटासोल. "हे शेवटचं काय आहे माहीत आहे? स्टेरॉइड. त्यातलंही सगळ्यात जहाल. आणि ते तू आठ महिन्यांच्या मुलीच्या जांघेत लावून वर डायपरचं झाकण घातलंस."

माझे कान गरम झाले. त्या पुढे शांतपणे बोलल्या. स्टेरॉइडने लाली लगेच बसते, कारण सूजच दबते. पण अंगाची लढायची ताकदही तिथे दबते, मग बुरशीला मोकळं रान. तिथली कातडी मुळात पातळ, त्यावर डायपर बंद, त्यामुळे औषध नेहमीपेक्षा जास्त शोषलं जातं. फार दिवस वापरलं तर कातडी आणखी पातळ होते आणि रक्तात जाऊनही त्रास देऊ शकतं. अशी बरीच मलमं २०१८ मध्ये शेड्यूल एच खाली आणली, म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय द्यायचीच नाहीत. काउंटरवर काय होतं ते मी वर सांगितलंच. हायड्रोकॉर्टिझोनसारखं सौम्य स्टेरॉइड कधीकधी त्या स्वतःही देतात, मोजक्या दिवसांसाठी, पण बाळ तपासून. फोटोवरून नाही.

मी बँकेतली, मला कारण कळल्याशिवाय चैन पडत नाही, म्हणून मी विचारलं की मुळात कातडी सोलवटलीच कशी, चमचाभर शीने? त्यांचं उत्तर मी अजून लोकांना सांगत असते. शीमध्ये पचनाचे रस असतात. एरवी ते फारसे मस्ती करत नाहीत, कारण कातडी किंचित आंबट असते. पण शी आणि शू एकत्र आली की शीतले जिवाणू शूतल्या युरियाचा अमोनिया करतात. कातडीचा आंबटपणा जातो आणि ते रस जागे होतात. "पोटात जे अन्न पचवतं, तेच मग कातडी पचवायला लागतं." पातळ शीमध्ये हे रस आणखी जास्त, कारण आतड्यातून सगळं घाईने बाहेर पडतं. त्यात ओलसर कातडी म्हणजे भिजलेल्या पापडासारखी, घासली की फाटणारच. नऊ-दहा महिन्यांच्या आसपास हे प्रकरण जास्त दिसतं, वरचं खाणं सुरू होऊन शी बदललेली असते.

म्हणजे माझी लाडकी रेघ मला अर्धंच सांगत होती. डायपरमधल्या जेलच्या दाण्यांनी शू पकडून ठेवली होती, त्यात डायपरची काही चूक नाही. शी मात्र वरच बसून होती, तासभर, दीड तास. (त्या जेलची ताकद आम्ही पुढे डोळ्यांनी बघितली. नवऱ्याने एकदा चुकून कपड्यांबरोबर डायपर मशीनमध्ये टाकला. पूर्ण ड्रमभर साबुदाण्याची खीर. ते काढायला रविवार गेला.)

चिठ्ठीवर दोनच मलमं होती. बुरशीसाठी क्लोट्रिमाझोल, दिवसातून दोनदा पातळ, घडीच्या आतपर्यंत, आणि डाग गेल्यावरही काही दिवस चालू ठेवायचं. त्यावर झिंक ऑक्साइडचं घट्ट मलम, दर वेळी. हे कसं लावायचं ते त्यांनी स्वतः लावून दाखवलं. मी पोळीला तूप लावावं तसं बोट फिरवत होते. "तूप लावल्यासारखं नको, सारवल्यासारखं लाव. खालची कातडी दिसता कामा नये." आणि पुढच्या वेळी ते सगळं खरवडून काढायचं नाही. वरचा घाण झालेला थर तेवढा पुसायचा, पांढरा थर तसाच ठेवून त्यावर नवा. मी आतापर्यंत प्रत्येक वेळी घासून लख्ख करत होते आणि तेवढ्या वेळा जखम उघडत होते.

वाइप काही दिवस बंद. कोमट पाणी आणि मऊ सुती फडकं, पुसायचं नाही, टिपायचं. मुलगी आहे म्हणून पुढून मागे. पावडर कायमची बंद, शंखजिऱ्याची असो की दुकानातली. बाळाच्या नाकातोंडात जाते, फुप्फुसाला वाईट. आंघोळीचं डाळीचं पीठही त्या भागात नको, कण घडीत अडकून बसतात. हे ऐकून सासूबाई हिरमुसल्या, पीठ त्या स्वतः चाळून घ्यायच्या. खोबरेल तेलाच्या मालिशला डॉक्टरांची हरकत नव्हती, तेवढ्यावर समेट झाला.

आणि मुख्य औषध फुकटचं: उघडं ठेवणं. दिवसातून चार-पाच वेळा, पंधरा-वीस मिनिटं, बिनडायपरची.

इथे सासूबाईंनी सूत्रं हातात घेतली. माळ्यावरून मेणकापड काढलं, त्यावर त्यांच्या सासूबाईंच्या जुन्या नऊवारीची चौपदरी घडी. ओवी त्यावर पालथी पडून रांगायची, शू करायची, पुन्हा रांगायची. एक लुगडं संपलं की दुसरं. मग प्रश्न आला वाळवण्याचा. सासूबाईंनी शेगडी पेटवली, निखाऱ्यांवर बांबूची टोपली उपडी घातली आणि तिच्यावर फडकी पसरली. बाळंतपणात धुरीला वापरतात तीच टोपली. टोपलीवरून काढलेल्या कापडाला एक ऊन, धुरकट वास होता. थोडं दमट राहिलं तर वरून इस्त्री. रात्री अकरा वाजता मी लंगोटांना इस्त्री करत उभी, असं चित्र कुणी काढलं असतं तर मी विकत घेतलं असतं.

"आमच्या वेळी नव्हती ही भानगड, अगो," असं त्या पहिल्या दिवशी म्हणाल्या होत्या. चौथ्या दिवशी शेगडीपाशी बसून स्वतःच सांगायला लागल्या. माझा नवरा सहा महिन्यांचा असताना पावसाळ्यात त्याचं ढुंगण इतकं सोललं होतं की तो पाळण्यात झोपेना. लंगोटावर प्लास्टिकची चड्डी घालायच्या, गादी भिजू नये म्हणून. सकाळी चड्डी काढली की अमोनियाच्या वासाने डोळ्यांत पाणी. म्हणजे भानगड होती, नाव नव्हतं.

मला यात कुठलीच बाजू घ्यायची नाही. लंगोट चांगला की डायपर, यावर घराघरात वाद झडतात. ओला लंगोट अंगाला चिकटून राहिला तर डायपरपेक्षा वाईट, आणि डायपर चार तास राहिला तर लंगोट बरा. आमचा लंगोटातही एक घोळ निघालाच. मी बादलीत जंतुनाशकाचं झाकणभर पाणी टाकायचे, स्वच्छतेच्या नावाखाली, आणि वर सुगंधी कंडिशनर. डॉक्टरांनी दोन्ही बंद केलं. धुण्याची साधी पावडर, तीही कमी, आणि स्वच्छ पाण्यातून दोनदा जास्त काढायचं.

नोकरीमुळे दिवसाचा प्रश्न राहिलाच. मी पाळणाघरात तीनऐवजी आठ डायपर द्यायला लागले, मलमाची डबी, आणि चाळीस पानी वही. मावशींना म्हटलं, रेघ बघू नका. दर दोन तासांनी बदला, आणि शी झाली की लगेच, मग ती चिमूटभर का असेना. मावशी आधी हसल्या. मग त्यांनी वहीत लिहायला सुरुवात केली: "११.१० शू. १२.०५ शी थोडी. मलम लावले. १.४० शी नाही, उगाच बघितले." ती वही मी जपून ठेवली आहे.

पातळ शी तीन दिवसांत थांबली. फुगीर भागावरची लाली पाचव्या दिवसापर्यंत गेली. घडीतली मात्र चिवट निघाली, शेवटचा ठिपका अकराव्या दिवशी दिसेनासा झाला. आठव्या दिवशी मला वाटलं झालं आता, मलम बंद करावं. स्टेरॉइडच्या वेळी हेच वाटलं होतं, म्हणून हात आवरला.

डॉक्टरांनी निघताना जे बजावलं होतं तेही लिहून ठेवते, कारण रात्री दोन वाजता हेच शोधलं जातं. दोन-तीन दिवस नीट काळजी घेऊनही उतार नसेल, घडीत शिरलं असेल, पाणी भरलेले फोड, पू किंवा रक्त दिसलं, ताप आला, पुरळ डायपरच्या बाहेर पसरलं, किंवा बाळ दीड महिन्याच्या आतलं असेल, तर घरचे प्रयोग नकोत, दाखवायला न्यायचं. ट्यूब घरात उरलेली असली तरी.

काकूंना मी त्या ट्यूबबद्दल सांगितलं का? सांगितलं, दोन महिन्यांनी, धीर करून. त्या म्हणाल्या, "पण आमच्या नातवाला तर काही झालं नाही." मी पुढे बोलले नाही. पण मुंबईहून नातू सुट्टीला आला तेव्हा त्यांनी झिंकच्या मलमाचं नाव कागदावर लिहून मागितलं.

ओवी आता पावणेदोन वर्षांची आहे. या जूनमध्ये दाढा येताना पुन्हा दोन दिवस पोट बिघडलं. मी बँकेत होते, ऑडिट चालू, फोन वाजला. सासूबाई.

"लाल झालंय गो थोडं."

माझ्या पोटात गोळा आला. मी काही विचारायच्या आत पलीकडून ओवीचं खिदळणं ऐकू आलं, गुदगुल्या झाल्यासारखं, आणि मग सासूबाईंचा जरा लांबून आलेला आवाज, फोन खाली ठेवून वाकल्या असणार:

"थांब, हलू नको. दोन्ही घड्या बघितल्या मी. आत काही नाही. सारवते आणि ठेवते उघडी. तू ये सावकाश."