काळ्या मातीतला बर्फाचा सराव : नोंद तिसरी

मागच्या नोंदीत जिप्सीचा ट्रान्सफर लिव्हर (इंजिनाचा जोर दोन चाकांना द्यायचा की चारही, हे ठरवणारा दांडा) अडकत असल्याचे लिहिले होते. तेल बदलल्यावर तो आता हलक्या हाताने पडतो. जानेवारीत मनालीहून अटल बोगद्यातून पलीकडच्या सिस्सू गावाला जायचे ठरल्यापासून आमच्या वावराकडे जाणारी पांदण हेच माझे सरावाचे मैदान झाले आहे, कारण यवतमाळ जिल्ह्यात बर्फ मिळणार नसला तरी वरून भिजलेली आणि खाली घट्ट असलेली काळी माती घसरण्यात फारशी मागे नाही.

या खेपेस थांबण्याचे अंतर मोजले. पांदणीवर चुन्याची आडवी रेघ मारली आणि ताशी २० किलोमीटर वेगाने येऊन रेघेवर ब्रेक दाबला. टू-व्हीलमध्ये पाच वेळा, फोर-व्हीलमध्ये पाच वेळा. सरासरी साडेसहा आणि सव्वासहा मीटर आली. या गाडीच्या स्पीडोमीटरचा भरवसा पाहता हा फरक नसल्यातच जमा आहे. धुऱ्यावर बसलेल्या शेजारच्या काकांनी मोजपट्टी उलगडण्याआधीच विचारले होते, "चारी चाकं ओढतेत म्हणून गाडी लवकर थांबन काय बा?"

ब्रेक तर प्रत्येक मोटारीच्या चारही चाकांना असतात. घर्षणांक कोरड्या डांबरावर सुमारे ०.७ आणि बर्फाच्या काचेसारख्या थरावर ०.१ धरला, तर ताशी ४० किलोमीटर वेगातील गाडी ब्रेक लागल्यापासून डांबरावर ९ मीटरांत थांबते, बर्फावर मात्र तिला ६३ मीटर लागतात. हिवाळ्यात सिस्सूच्या रस्त्यावर पुष्कळदा फोर बाय फोर किंवा साखळ्या लावलेल्या गाड्यांनाच सोडतात. ती परवानगी चढून जाण्यापुरती समजावी, असे माझे मत झाले आहे. उतारावर फोर-व्हीलचा फायदा एवढाच, की खालच्या गिअरमधील इंजिनाचा रोध दोन चाकांऐवजी चारही चाकांवर वाटला जातो आणि मागची बाजू फेकली जाण्याचा धोका कमी होतो.

गाडी एकदा फसलीच. डावे पुढचे आणि उजवे मागचे चाक खड्ड्यावर हलके पडले, साध्या डिफरेन्शियलमुळे (आसाच्या दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारी दातेचक्रे) तीच दोन फिरत राहिली, आणि शेवटी मागच्या चाकाखाली पऱ्हाटी घालून बाहेर निघालो.

माती आणि बर्फ यांचे साम्य एका ठिकाणी तुटते. काळी माती टायरच्या खाचांत थापली की टायर गुळगुळीत होतो. दाबलेला हिम खाचांत भरला, तर तो खालच्या हिमाला धरतो. कठीण बर्फावर खोल खाचांपेक्षा मऊ रबर महत्त्वाचे, आणि साधे रबर ७ अंश सेल्सिअसच्या खाली कडक होऊ लागते. हौसेने घेतलेले माझे जाड ठोकळ्यांचे टायर तेथे निरुपयोगी ठरतील, हे मान्य करणे जड गेले.

बोगद्याची ९.०२ किलोमीटर लांबी कोरड्या रस्त्याची धरून लिव्हर टू-एचवर (दोनच चाकांना जोर) ठेवायचा आहे, कारण जिप्सीत पुढच्या आणि मागच्या आसांमधला डिफरेन्शियल नसल्याने कोरड्यावर फोर-एचमध्ये (चारही चाकांना जोर) वळताना दोन्ही आसांत ताण साचतो. फोर-एच बोगद्याच्या पलीकडच्या तोंडाशी पोहोचण्यापूर्वी, गाडी सरळ असतानाच टाकावा लागेल. दिवसा वितळून संध्याकाळी गोठलेले पाणी बाहेर डांबराच्याच रंगाचे दिसते.

अंगणात मागच्या दोन चाकांना साखळ्या चढवायला पहिल्यांदा ४० मिनिटे लागली होती, काल १७ लागली. ओले हातमोजे घालून तोच प्रयोग करायचा राहिला आहे.