टमी टक: ड्रेन, पट्टा आणि पहिले ६ आठवडे

टमी टक (पोटाची प्लास्टिक सर्जरी) हा वजन कमी करण्याचा उपाय नाही, हे आधी पक्कं करा. बाळंतपणानंतर किंवा बरंच वजन उतरल्यावर लोंबणारी कातडी काढतात आणि मधोमध फाकलेले पोटाचे स्नायू टाक्यांनी जवळ आणतात. वजन निदान ६ महिने स्थिर हवं. आणखी मूल हवं असेल तर थांबा.

सिगारेट, तंबाखू, मिश्री सगळं किमान ४ आठवडे आधी बंद. निकोटिनने रक्तवाहिन्या आकसतात. खाली ओढून शिवलेल्या कातडीच्या कडेला, बरोबर मधोमध, रक्त सगळ्यात कमी पोचतं आणि तीच काळी पडते. सर्जनपासून हे अजिबात लपवू नका.

घरी येताना बहुधा ड्रेनच्या नळ्या असतात; कातडीखाली साचणारं पाणी त्या टोकाच्या डबीत ओढून घेतात. डबी ठरल्या वेळी रिकामी करा, किती मिली आलं ते वहीत लिहा, आणि डबी दाबून हवा काढूनच बूच लावा. नाहीतर ती ओढतच नाही. २४ तासांत साधारण ३० मिलीहून कमी आलं की सर्जन नळी काढतात. घाईने काढली तर कातडीखाली पाणी साचतं, पोट डुचमळतं, सुईने उपसावं लागतं.

झोपताना पाठीमागे उशा, गुडघ्यांखाली एक. डॉक्टरांनी उठवलं की, वाकून का होईना, चाला. पायात झालेली गुठळी फुप्फुसात गेली तर जिवावर बेततं. एकाच पोटरीला सूज, दम लागणं, छातीत दुखणं: थेट इमर्जन्सी गाठा.

पोटाला आवळून बांधायचा पट्टा साधारण ६ आठवडे. तोवर भरलेली बादली नको, मुलाला कडेवर घेणंही नको.