सनी बॉयची जन्मतारीख

आमच्या माउथ ऑर्गन वाजवणाऱ्या मंडळींच्या पुढच्या बैठकीत ब्लूज, म्हणजे अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांचं संगीत, ऐकायचं ठरलंय. वादकांची चार-चार ओळींची ओळख लिहून द्यायचं काम माझ्याकडे आलं. सुरुवात सनी बॉय विल्यमसनपासून केली आणि तिथेच थांबले, कारण या नावाचे वादक दोन झाले आणि लोक सर्रास एकाचं आयुष्य दुसऱ्याच्या नावावर टाकतात.

पहिला जॉन ली विल्यमसन. जन्म ३० मार्च १९१४, टेनेसीतल्या जॅक्सन गावाजवळ. मे १९३७ मध्ये त्याने ब्लूबर्ड कंपनीसाठी ‘गुड मॉर्निंग, स्कूल गर्ल’ ध्वनिमुद्रित केलं आणि पुढची दहा-अकरा वर्षं त्याच्या तबकड्या निघत राहिल्या. १ जून १९४८ रोजी शिकागोत कार्यक्रम आटोपून घरी जाताना लुटारूंनी त्याला मारलं. वय अवघं ३४. ब्लूजमध्ये हार्मोनिका (म्हणजे आपला माउथ ऑर्गन) बाजूला बसून साथ करायची, तिला गायकाशी बोलायला शिकवणाऱ्यांत हा माणूस अग्रभागी होता. त्याची ओळख लिहून लगेच झाली.

दुसऱ्याला ओळखीचे लोक राइस मिलर म्हणायचे. कागदावर ॲलेक मिलर. जन्म मिसिसिपीतल्या टॅलहॅची काउंटीतल्या मळ्यावरचा, आईचं आडनाव फोर्ड, मिलर हे सावत्र वडिलांचं. २१ नोव्हेंबर १९४१ पासून आर्कान्सामधल्या हेलेना गावच्या केएफएफए रेडिओवर ‘किंग बिस्किट टाइम’ हा कार्यक्रम सुरू झाला. त्यात हा हार्मोनिका वाजवायचा, रॉबर्ट लॉकवुड ज्युनियर गिटारवर असायचा आणि खर्च पीठ विकणाऱ्या कंपनीचा. तिथे याचं नाव सनी बॉय विल्यमसन! खरा जॉन ली तेव्हा शिकागोत जिवंत होता, त्याच्या तबकड्या घरोघरी वाजत होत्या. कंपनीने पुढे ‘सनी बॉय’ नावाचं मक्याचं पीठही काढलं आणि पिशवीवर कणसावर बसलेला हा हार्मोनिकावाला छापला. राइस मिलरची पहिली तबकडी मात्र १९५१ ची, म्हणजे जॉन ली गेल्यावरची. दोघे एकाच काळात ध्वनिमुद्रण करत होते, असं कधी झालंच नाही.

आता राइस मिलरची जन्मतारीख. तो स्वतः सांगायचा ५ डिसेंबर १८९९. टटवायलरजवळच्या त्याच्या थडग्यावर कोरलंय ११ मार्च १९०८. आणि डेव्हिड इव्हान्स या संशोधकाला १९२० च्या जनगणनेत २ फेब्रुवारीला नोंदवलेला सात वर्षांचा मुलगा सापडला, म्हणजे जन्म १९१२ च्या आसपास. एका माणसाच्या वयात तेरा वर्षांचा फरक.

मी शाळेच्या कार्यालयात उभी हयात काढली. जनरल रजिस्टर, दाखले, जन्मतारीख दुरुस्तीचे अर्ज हेच माझं काम. आपल्याकडच्या जुन्या पिढीतल्या कितीतरी लोकांचा वाढदिवस १ जूनला येतो, तो का, हे मराठी वाचकाला सांगायला नको. गुरुजींनी मूल पाहिलं, उजव्या हाताने डावा कान धरायला लावला, अंदाजाने वर्ष घातलं आणि शाळा सुरू होण्याच्या सुमाराची तारीख टाकली. म्हणून मी कोणतीही तारीख पाहिली की आधी विचारते: ही लिहिली कोणी, केव्हा आणि ती तशी असल्याने कोणाला काय मिळणार होतं?

१८९९ ला हे विचारून बघा. १८९९ चा जन्म म्हणजे जॉन लीपेक्षा चौदा वर्षांनी मोठा, आणि मग ‘मूळ सनी बॉय मीच’ हा दावा सहज पटतो. सांगणाऱ्याचा फायदा उघड दिसतोय. थडग्याचा दगड तर त्याच्या मृत्यूनंतर ट्रम्पेट रेकॉर्ड्सच्या लिलियन मॅकमरी यांनी बसवला. पहिली तबकडी त्यांनीच काढली होती, प्रेमाने बसवला, याबद्दल मला त्यांचा फार आदर वाटतो. पण त्यावर मृत्यूची तारीख २३ जून १९६५ आहे आणि तो गेला २५ मे रोजी. त्या दिवशी रेडिओवर सगळे वाट पाहत होते, शेवटी ढोलवादक पेक कर्टिस खोलीवर बघायला गेला. मृत्यूची तारीख जिथे महिन्याने चुकते, तिथे त्याआधीच्या जवळजवळ साठ वर्षांपूर्वीच्या जन्मतारखेवर मी भिस्त ठेवणार नाही.

राहिला जनगणनेचा कागद. दारात आलेल्या प्रगणकाला घरातल्या मोठ्यांनी सांगितलेलं वय. वर्षभर इकडेतिकडे होऊ शकतं. पण वीस वर्षांचा तरुण समोर उभा असताना कोणी त्याला सात वर्षांचा लिहीत नाही, आणि १८९९ खरं धरलं तर तो तेव्हा वीस वर्षांचा भरतो. शिवाय त्या मुलाचं वय कमी सांगून १९२० साली कोणाचंच काही भलं होणार नव्हतं. मिसिसिपीत राज्यभर जन्मनोंदणी सुरू झाली तीच १९१२ च्या नोव्हेंबरात, तेव्हा जन्माच्या दाखल्याची आशा धरण्यात अर्थ नाही. माझ्या लेखी हा कागद बाकी दोन्हींपेक्षा वरचढ.

नाव घेतलेलं असलं तरी वादन उसनं नाही. राइस मिलरचं ‘हेल्प मी’ हे गाणं ऐका. श्वास आत ओढून सूर खाली वाकवायचा, हाताच्या ओंजळीने तो उघडायचा-मिटायचा, आणि मग चक्क गप्प बसायचं. ती शांतता मी अजून शिकतेय. जॉन लीला गाण्याची ओळ संपली की लगेच उत्तर द्यायची घाई असते, आणि तीही मला तितकीच आवडते.

मी पत्रकात लिहिलंय: ‘राइस मिलर, सनी बॉय विल्यमसन (दुसरे), जन्म बहुधा १९१२, मृत्यू २५ मे १९६५.’ ‘बहुधा’ खोडू नका, असं छपाईवाल्याला बजावलंय. फोटोचंही तेवढं बघा: गोल टोपी, हनुवटीवर दाढी, अर्धा-अर्धा दोन रंगांचा सूट घातलेला तो राइस मिलर, १९६३ नंतर युरोपात गाजलेला. तो फोटो जॉन लीच्या नावाखाली जाता कामा नये.